तक्रार या कोडची व्याख्या

"मॅडम, रागावू नका, पण तुमची तक्रार आणि माझी तक्रार जुळतच नाहीये," संजना फोनवर म्हणाली, तेव्हा यशश्री नाशिकच्या इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि हे काम एकदाचं हातावेगळं झालं अशा समजात होती. काम तसं सरळ होतं. पुण्याच्या एका संस्थेने, घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या, निफाडपासून नाशिकरोडच्या कॉलन्यांपर्यंतच्या. त्या टाइप करून सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या होत्या. यशश्रीने इथे आणि संजनाने नाशिकरोडला, आपापल्या घरी बसून, एकमेकींना न विचारता त्या वाचायच्या, वाक्यं निवडायची आणि प्रत्येक वाक्याला एक नाव द्यायचं. त्या नावाला कोड म्हणायचं. नाव दिलं की समासात रंगीत पट्टी उमटते. शेवटी सॉफ्टवेअर दोघींचं काम एकावर एक ठेवून बघतं आणि जिथे जमत नाही तिथली ओळ लाल करून दाखवतं. थकव्यावर दोघींचं एकमत होतं. देवावर होतं. शेजाऱ्यांवर तर दोन बायकांचं होऊ नये इतकं होतं. लाल ओळ एकच होती, आणि ती 'तक्रार' या कोडची होती.

"कितपत फरक आहे?"

"फरक नका विचारू, जुळतंय किती ते विचारा. जवळजवळ नाहीच. तुम्ही त्या सायखेड्याच्या सुमनबाईच्या निम्म्या बोलण्याला तक्रार लावलीय. मला तर त्यात तक्रार करणारी बाई भेटलीच नाही."

"अगं, मग ती काय करतेय? पाठीला जखम झाली, रात्रीची झोप नाही, घास गिळायला वेळ लागतो. हे काय कौतुक चाललंय?"

"सांगतेय."

"सांगतेय म्हणजे?"

"सांगतेय म्हणजे सांगतेय, मॅडम. आज काय काय झालं ते. आमची आजी नाही का, दूध नासलं इथपासून सुरुवात करते. तिला काही नको असतं. आपण हं म्हणायचं, बस." आणि मग, "तुम्ही ऑडिओ ऐकलाय का पण? टाइप केलेलं सगळं रडकंच वाटतं. माझं व्हॉट्सॲपसुद्धा."

यशश्रीने ऑडिओ ऐकला नव्हता. ऐकायचा असतो हे तिला माहीत होतं; कामाच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलं होतं. पण वाचून जे काम होतं ते ऐकून तिप्पट लांबतं, आणि यशश्री वेळेच्या बाबतीत चोख बाई होती. सोमवारपर्यंत दोघींनी बसून व्याख्या पक्की करा, असा पुण्याहून निरोप होता. हेडफोन शोधताना तिला वाटलं, ही चोवीस वर्षांची मुलगी आपल्याला तक्रार म्हणजे काय ते शिकवणार. आपण तर तक्रारीतच वाढलो.

हे तसं खरं नव्हतं. यशश्रीच्या माहेरी कोणी तक्रार करत नसे. पण यशश्रीला माणसं जमा आणि नावे अशा दोन बाजूंना मांडून ठेवायची लहानपणापासून खोड होती, आणि तक्रार करणारं माणूस तिच्या हिशेबात नेहमी नावे पडायचं. कोण आलं, कोण आलं नाही, कोणी कोणाच्या आजारपणात डबा नेला, कोणी नुसताच निरोप पाठवला, हे तिला बिनचूक आठवे. याच गुणावर तिला हे काम मिळालं होतं. माणसाच्या बोलण्याचा पसारा ती भराभर निवडून डब्यात भरायची. तिचा नवरा आल्हाद म्हणायचा, "तुझं ते कोडिंग म्हणजे बरण्यांवर चिठ्ठ्या लावणं. आत लोणचं आहे की मुरंबा, चाखून कोण बघतंय." त्यावर ती हसायची, कारण आल्हादला स्वयंपाकघरातली एकही बरणी ओळखता येत नव्हती.

हेडफोनमध्ये आधी कोंबडी ओरडली, मग मोटारसायकल गेली, मग सुमनबाईचा आवाज आला. सुमनबाई हे खोटं नाव. संशोधनात माणसाला खोटं नाव देतात, म्हणजे त्याने खरं बोलावं. यशश्री समोरच्या पानावर बोट ठेवून ऐकत होती. 'सकाळी उठले का पयली त्यायची कूस बदलाची. मंग तोंड धुवाचं, पेज द्याची. लय येळ लागतो घास गिळाया. मी बसते तशीच वाटी धरून.' पानावर हे वाक्य असंच होतं आणि त्याच्या समासात यशश्रीने दिलेली तांबडी पट्टी होती. पण कानात ते तांबडं नव्हतं. 'मी बसते तशीच' म्हणताना बाईच्या आवाजात, शेजारणीला वेलीवरची पहिली काकडी दाखवावी तसं काहीतरी होतं. पाठीच्या जखमेचंही तसंच. ती जखम केवढी होती, मग कशी भरत आली, कोणत्या कुशीवर ठेवलं की नवरा कण्हत नाही, हे तिने शोधून काढलं होतं आणि ती ते सांगत होती. पुढे प्रश्न विचारणाऱ्या मुलीने विचारलं की हे सगळं तुम्ही कोणाशी बोलता का, आणि सुमनबाई म्हणाली, 'पोरगी पुन्याला हाय. तिला सांगते रोज फोनवर. तिच्यानं काय व्हनार हाय तिकडून? काय नाय. पन तिचा बाप हाय ना. तिला ठाव असाया पायजे.'

यशश्रीने पानावर पाहिलं. वरच्या सगळ्या वाक्यांवरून तिने माउस ओढत आणला होता आणि 'काय नाय'पाशी तो सोडला होता. पुढची दोन वाक्यं कोरी होती. तिथे तिने काहीच लावलं नव्हतं. ती तिला कुठल्याच डब्यात बसण्यासारखी वाटली नसणार. किंवा तेवढ्यात कुकर झाला असेल. संजनाच्या प्रतीत त्याच दोन वाक्यांवर हिरवी पट्टी होती आणि कोडचं नाव होतं 'वाटा देणं'. यशश्रीला आधी हसूच आलं. वाटा म्हणे. शेतीच्या वाटणीसारखा. मग तिने ऑडिओ थोडा मागे नेला आणि 'तिला ठाव असाया पायजे' पुन्हा ऐकलं, आणि या वेळी तिला सुमनबाईच्या आवाजाऐवजी दुसऱ्याच बाईचा आवाज ऐकू आला, जो तिने वर्षानुवर्षं ऐकला होता आणि तोही कधी ऐकला नव्हता.

कुसुमवहिनीचा फोन संध्याकाळी यायचा. यशश्रीचा दादा, शामसुंदर, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होता आणि आई त्याच्याकडे क्वार्टरमध्ये होती. तिची उजवी बाजू अर्धांगाने गेलेली. यशश्री गावातच होती, म्हणजे द्वारकेच्या चौकातली गर्दी धरूनही तासाभराच्या अंतरावर. पण गावातल्या गावात राहणाऱ्या लेकी पाहुण्यांपेक्षा कमी येतात, कारण त्यांना कधीही येता येतं. ती सणाला जायची, आईला आवडतात म्हणून निफाडकडची द्राक्षं घेऊन जायची, द्राक्षं आता आईला गिळता येत नाहीत हे तिथे गेल्यावर कळायचं. वहिनी ती द्राक्षं चिरून, बिया काढून, रस करून चमच्याने पाजायची आणि म्हणायची, "बघा आई, यशूने आणलीत." आणि एरवी संध्याकाळी फोन. "यशू, आज आईंनी कढी मागितली गं. दोन घास खाल्ले. मग माझा हात धरून बसल्या, सोडेचनात. कढी तशीच गार झाली." यशश्री फोन स्पीकरवर टाकून कोणाच्या तरी मुलाखतीत पट्ट्या ओढत असायची. "हं," ती म्हणायची. आणि मग, कारण कामाच्या बाईला नुसतं हं म्हणवत नाही, "मग एखादी बाई ठेवूया का दिवसाची? मी बोलू का दादाशी?" वहिनी म्हणायची, "बाईचं नाही गं. मी आपलं सांगितलं."

मी आपलं सांगितलं. हे वाक्य वहिनीने किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी यशश्रीला वाटायचं, ही आता माघार घेतेय, आधी टोमणा मारायचा आणि मग 'आपलं सांगितलं.' राखेचंही तसंच. एकलहऱ्याला खिडकीवर वीजकेंद्रातल्या कोळशाची बारीक राख बसते. वहिनीने आईच्या बाजूच्या खिडकीला ओलं फडकं बांधून ठेवलं होतं आणि दर थोड्या वेळाने ते पिळायची. "नाहीतर त्यांच्या पापण्यांवर बसते गं, आणि त्यांना हाताने पुसता येत नाही ना." यशश्रीने यावर एअर प्युरिफायर पाठवला होता. चांगला होता. वहिनीने आभार मानले, आणि फडकंही बांधत राहिली. आईचे केस कापले त्या दिवशीचा फोन यशश्रीला आत्ता, हेडफोन कानात असताना, शब्दन्‌शब्द आठवायला लागला. गुंता सुटेना म्हणून कापावे लागले. "मी आरसा दाखवला नाही. पण त्यांनी डाव्या हाताने मागे चाचपून बघितलं. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, हलकं वाटतं. वेणी ठेवलीय मी, तुला हवी तर." आणि यशश्री काय म्हणाली होती? "अगं, कापायच्या आधी विचारायचं तरी." तेवढं बोलून तिला बरं वाटलं होतं. आपणही काळजी करतो असं वाटलं होतं. वेणी तिने नेली नाही, आणि तिचं पुढे काय झालं हे विचारलंही नाही.

आणि एक फोन होता, जो तिने मनाच्या अगदी खालच्या कप्प्यात, उघडायचा नाही अशा जागी ठेवला होता. वहिनी म्हणाली होती, "यशू, आज आईंनी मला 'यशू' म्हणून हाक मारली." यशश्रीने पट्टी ओढता ओढता हात थांबवला होता. "दोनदा मारली. मी 'ओ' दिली." त्यावर कितीतरी गोष्टी बोलता आल्या असत्या. नुसतं हं म्हटलं असतं तरी चाललं असतं. यशश्रीच्या हिशेबात मात्र खटकन नोंद झाली की ही आपण येत नाही हे सुचवतेय, आणि ती म्हणाली, "म्हणजे मी यायला हवं होतं असं म्हणायचंय का तुला?" पलीकडून लगेच, घाईघाईने, "नाही गं, तसं नाही. छान हसल्या गं त्या. म्हणून सांगितलं." आई हसली होती. आपल्या नावाला कोणीतरी ओ दिली म्हणून आपली आई हसली होती, आणि ते हसू तिला त्याच संध्याकाळी ताजं ताजं पोचवलं गेलं होतं, आणि तिने ते दारातून परत पाठवलं होतं.

दुपारचं ऊन टेबलावरून सरकून फरशीवर गेलं होतं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या" करत होता. यशश्रीने हेडफोन काढले. स्क्रीनवर तांबड्या पट्ट्या होत्या तशाच होत्या. या कामाला बसण्याआधी प्रत्येकीने स्वतःबद्दल एक टिपण लिहायचं असतं, या विषयाशी तुमचं काय नातं आहे, म्हणजे आपला कल कुठे आहे हे आपल्यालाच कळावं. संजनाने दीड पान लिहिलं होतं, आजीसकट. यशश्रीने लिहिलं होतं, 'या विषयाशी माझा वैयक्तिक संबंध आलेला नाही.' ते तिने खोटेपणाने लिहिलं नव्हतं, हेच आत्ता तिला टोचलं. आईचं सगळं वहिनीने केलं, मग आपला संबंध कसला, असा तिचा सरळ हिशेब होता.

आईच्या तेराव्याला पंगती उठल्यावर बायका मागच्या खोलीत टेकल्या होत्या. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, आईचा पलंग काढल्यामुळे भिंतीवर उरलेल्या पट्ट्याकडे बघत. यशश्रीला तिची दया आली होती, हे अगदी खरं. काहीतरी मोकळं बोलावं म्हणून ती म्हणाली, "सुटलीस बाई वहिनी. आता तुझे ते संध्याकाळचे तक्रारीचे फोनही बंद." बायका हसल्या. वहिनीही हसली. तांब्या ठेवून आत गेली. फोन खरोखरच बंद झाले, आणि यशश्रीला महिनाभर संध्याकाळ फार मोठी वाटली, त्याचं खापर तिने हवामानावर फोडलं. सणाला फोन, वाढदिवसाला फोन, दोन्हीकडून नेमाने. त्यात बोलण्यासारखं काही नसे. आठवड्यापूर्वी घरच्या ग्रुपवर दादाने टाकलं, नागपूरजवळ कोराडीला बदली झाली, रविवारी निघतोय. खाली सगळ्यांचे अंगठे. यशश्रीनेही अंगठा दिला होता. तेव्हा तिला एवढंच वाटलं होतं की वहिनीने आपल्याला आधी कसं सांगितलं नाही. आत्ता तिला कळलं की ते वाटणं तिच्या आयुष्यातली पहिली खरी तक्रार होती, आणि ती करायला जागा नव्हती.

तिने संजनाला फोन लावला. "तू म्हणतेस ते बरोबर आहे. माझी व्याख्या काढून टाकूया."

"अख्खा कोड?"

"अख्खा. तुझ्या त्या वाटा देण्यात घाल सगळं."

"सगळं नको, मॅडम. ती एक बाई दिराला शिव्या देते, ती तक्रारच आहे. तेवढी ठेवू." मग हलकेच, "काय झालं? ऐकलंत?"

"हं," यशश्री म्हणाली. तिला वाटलं, आता सांगावं. संजनाला आजीमुळे ऐकायची सवय आहे. पण सांगायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. ते करताना लागणारा आवाज तिच्याकडे नव्हता. "ऐकलं. चांगलं काम केलंस तू," ती म्हणाली.

बदलायला फार वेळ लागला नाही. दिराला शिव्या देणारी ती बाई बाजूला काढली, उजवं बटण दाबलं, उरलेले दोन कोड एकात मिसळले, आणि सुमनबाईच्या पानावरची तांबडी पट्टी वरपासून खालपर्यंत हिरवी झाली.

शनिवारी दुपारी ती एकलहऱ्याला गेली. काही घेऊन जावं की नाही, यावर तिने फार विचार केला आणि काही नेलं नाही. क्वार्टरच्या दारात टेम्पो उभा होता, दादा ताडपत्री धरून ड्रायव्हरशी वाद घालत होता की फ्रिज आडवा ठेवायचा नाही. "यशू? तू कशी काय?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा फ्रिजकडे वळला. आत खोल्या रिकाम्या, आवाज घुमणाऱ्या. वहिनी जमिनीवर बसून वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होती. उठली. पदराला हात पुसले. "या ना, यशश्रीताई. अहो, कळवायचं तरी. बसायला खुर्चीसुद्धा ठेवली नाही बघा."

अहो. यशश्रीने तो शब्द ऐकला आणि जमिनीवरच बसली.

"मी करते मदत," ती म्हणाली आणि एक बशी उचलली. थोडा वेळ दोघी गुंडाळत राहिल्या. खिडकी उघडी होती. यशश्रीला विचारायचं होतं ते तिने वाटेत दहा प्रकारे जुळवलं होतं. इथे त्यातला एकही प्रकार उरला नाही. "वहिनी, आई शेवटी शेवटी काय बोलायची गं? मला सांगायचीस ना तू. मला ते पुन्हा ऐकायचंय. मी नीट ऐकलं नाही तेव्हा."

वहिनीचा हात थांबला नाही. तिने कप फिरवून कागदाची टोकं आत खोचली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. यशश्री राग शोधत होती, तो सापडला असता तर काही धरायला मिळालं असतं. "आता काय आठवतंय, ताई," ती म्हणाली. "चांगल्या गेल्या. त्रास नाही झाला फारसा."

"मी तुला काहीतरी बोलले होते. तेराव्याला."

"काय हो? मला तर काही आठवत नाही." ती हसली, अगदी तेराव्याला हसली होती तशीच. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमचीही कामं असायची. थांबा, चहा करते, गॅस अजून आहे."

चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो खांद्यात धरला आणि यशश्रीकडे पाठ करून, ओट्याशी, बोलायला लागली. "हां गं पुतळाबाई. ... नाही ना, कुठलं. कालपासून गुडघा धरलाय, बसलं की उठवत नाही. आणि हे म्हणतात फ्रिज उभाच न्यायचा. ... अगं, सकाळी काय झालं माहितीये का, मी त्या मागच्या खोलीला झाडू मारत होते, तर कोपऱ्यात आईंची पावडर सांडलेली सापडली. एवढीशी. फटीत बसलेली. मी तिथेच बसले बाई. झाडवेचना मला. म्हटलं राहू दे, येणारे झाडतील. ... नाही गं, रडले नाही. वास येत होता अजून. ... हं. हं. तुला नाही सांगणार तर कोणाला."

यशश्री हातातली बशी गुंडाळायची थांबली होती. शेजारणीच असतील या पुतळाबाई, पलीकडच्या क्वार्टरच्या, किंवा निफाडची कोणी मैत्रीण; तिने कधी विचारलं नव्हतं. त्या काय म्हणत होत्या ते इकडे ऐकू येत नव्हतं. बहुतेक काहीच म्हणत नसाव्यात. मागच्या खोलीचं दार इथून दिसत होतं, चार पावलांवर, आणि यशश्रीला उठून तो कोपरा बघावासा वाटला. पण ते तिला सांगितलेलं नव्हतं.

चहा उतू आला. वहिनीने गॅस बारीक केला, "ठेवते गं, पाहुणे आलेत," म्हणाली आणि फोन ठेवला. मग वळली.

"काय म्हणतात?" यशश्रीने विचारलं.

"काही नाही हो," वहिनी म्हणाली आणि कप पुढे केला. "सगळं छान चाललंय. साखर बघा बरोबर आहे का."